वडिलांना काहीच त्रास नाही, मग रक्त पातळ करणारी गोळी बंद केली तर चालेल का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच बंद करू नका. वडील 74 वर्षांचे, बीपी आणि डायबेटिस दोन्ही, ठोके अनियमित, आणि 'आता बरं वाटतंय' म्हणून गोळी नको म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या आईलाही हाच आजार, एट्रियल फिब्रिलेशन. ती फोंड्याला असते.

ही गोळी बरं वाटावं म्हणून नसतेच. या आजारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. डाव्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखी एक छोटी पिशवी असते. तिथे रक्त साचतं, गुठळी होते, आणि ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात. धोका साधारण 5 पट, मग धडधड जाणवो वा न जाणवो. वडिलांचं वय, बीपी, डायबेटिस, तिन्ही गोष्टी त्यात भरच घालतात. 'त्यापेक्षा ॲस्पिरिन घेऊ' हेही नको, या कामाला ती फार कमी पडते.

आई एसिट्रॉम ही रक्त पातळ करणारी गोळी घेते. तिचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा तपासणीतला आकडा, 2 ते 3 मध्ये ठेवायचा असतो. एका श्रावणात तो 1.5 वर आला. गोळी एकही चुकली नव्हती! मग लक्षात आलं, महिनाभर मासळी बंद आणि ताटात रोज तायकिळा, अळू, तांबडी भाजी. पाल्यातलं व्हिटॅमिन के या गोळीचा जोर कमी करतं. पालेभाजी सोडायची नाही, फक्त बाराही महिने साधारण सारखी खायची.

वडिलांची गोळी अपिक्साबॅन किंवा रिव्हारॉक्साबॅन असेल तर पालेभाजीची चिंता नाही, आयएनआरही नको. पण तिचा असर एका दिवसात उतरतो, म्हणून चुकवणं जास्त महागात पडतं. किडनीची तपासणी मात्र वेळच्या वेळी करा.

रक्तस्रावाची भीती खोटी नाही. गुडघे दुखले म्हणून फार्मसीतून पेनकिलर आणून देऊ नका. काळी शौच झाली किंवा डोक्याला मार लागला तर लगेच हॉस्पिटल गाठा. दात काढायचा असेल तर आधी दोन्ही डॉक्टरांना विचारा.

तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर 108. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते देता येईल का हे ठरवताना डॉक्टर आधी विचारतात, रक्त पातळ करणारी कुठली गोळी, शेवटची कधी घेतली? आईच्या पर्समध्ये गोळीच्या नावाची चिठ्ठी असते. वडिलांच्या खिशातही आजच एक ठेवा.