वस्तऱ्याला पट्ट्यावर आणि दगडावर धार कशी लावायची?
आधी पट्टा शिका, दगडाची घाई नको. चामड्याचा पट्टा ताणून धरा. सैल राहिला की धार गोलावते. वस्तरा आडवा टेकवायचा, पाठ (धारेसमोरची जाड कड) आणि धार दोन्ही चामड्याला लागलेल्या, आणि सरकवताना पाठ पुढे, धार मागे. टोकाशी पोचलात की वस्तरा पाठीवरच उलटा करा. धारेवर उलटवलात तर पट्टाही कापला जातो आणि धारही जाते, म्हणून हे अगदी सावकाश करा, वेग आपोआप येतो. जोर अजिबात नको.

दगडावर दिशा उलटी, धार पुढे. पाठ उचलायची नाही, कोन तीच सांभाळते. 1000 ग्रिटच्या दगडावर (ग्रिट म्हणजे दगडाच्या बारीकपणाचा आकडा, मोठा तितका बारीक) मूळ धार बसते, मग 4000, 8000. पट्टा मारूनही केस ओढले जाऊ लागले, तरच दगड काढा.