वर्षभराच्या दुरुस्तीचे पैसे ठेकेदाराला आधीच द्यावेत का?

तुमची तीन जुनी घरं भाड्याने दिलेली आहेत. कधी नळ गळतो, कधी भिंतीला ओल येते, आणि दर वेळी नवा माणूस शोधावा लागतो. आता एक ठेकेदार म्हणतोय, वर्षाची सगळी रक्कम आधी भरा, १५ टक्के सूट देतो. सही करू का, असं तुम्ही विचारलंय.

ठेकेदार जरूर धरून ठेवा, पण सगळे पैसे आधी देऊ नका. ही आगाऊ रक्कम म्हणजे तुम्ही त्याला दिलेलं बिनतारण कर्ज आहे. सहा महिन्यांनी तो येईनासा झाला, तर निम्म्या वर्षाच्या कामासाठी तुम्ही ८५ टक्के रक्कम मोजून बसलेले असाल. आणि पैसे हातात पडल्यावर तुमच्याकडची प्रत्येक फेरी त्याला तोट्याचीच वाटणार.

त्याऐवजी वर्षभराचे दर लेखी ठरवा आणि पैसे झालेल्या कामाचे द्या. मजुरी वेगळी, माल वेगळा, मालाची बिलं तुमच्या नावाने. उक्तं, म्हणजे मजुरी-मालासकट एकाच ठोक रकमेत, काम दिलं की बचत बहुतेक वेळा मालातच केली जाते, म्हणून रंग, प्लास्टर, फरशी ही कामं चौरस फुटावर द्या आणि मोजमाप दोघांनी मिळून घ्या. मोठ्या कामाचे हप्ते पाडा, शेवटचे ५ ते १० टक्के राखून ठेवा. गच्चीचं वॉटरप्रूफिंग असेल तर पाणी २४ ते ४८ तास साठवून खाली ओल येत नाही ना हे बघा, आणि राखलेली रक्कम एक पावसाळा गेल्यावरच सोडा. ओल आलेल्या भिंतीला गळती न शोधता रंग मारणं हा या सगळ्यातला सर्वांत वाया जाणारा खर्च. तो कोणी सुचवला तर स्पष्ट नकार द्या.

पंपाची देखभाल, टाकीची सफाई अशी ठरल्या वेळची कामं वार्षिक करारात चालतील; तिथेही पैसे तिमाही द्या.

सूट मागायला तुमच्याकडे आगाऊ रकमेपेक्षा चांगलं कारण आहे: तीन घरांचं नियमित काम आणि बिल आठवड्याच्या आत चुकतं करण्याची हमी. हातात रोकड खेळती राहावी म्हणून झटणारा ठेकेदार याला मान देतो. मात्र ही हमी पाळायची तर पैसे तयार हवेत. घराच्या किमतीच्या साधारण १ टक्का दर वर्षी दुरुस्तीसाठी, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. तुमची घरं जुनी, तेव्हा थोडं जास्तच धरा. भाडं जमा झालं की त्यातला हा वाटा लगेच वेगळ्या खात्यात टाका.