वाचक विचारतात : मेमरी मोकळी, तरी बफर मिळेना

प्रश्न : लिनक्सवर आमच्या कॅप्चर कार्डाचा ड्रायव्हर ‘अलॉक_पेजेस’ने (कर्नलकडून मेमरी घेणारं फंक्शन) सलग २ एमबीचा बफर (डेटा साठवायची जागा) मागतो. मशीन नुकतं सुरू झालेलं असताना तो मिळतो. काही दिवसांनी मॉड्यूल पुन्हा लोड केलं की ‘ऑर्डर ९’ची मागणी फसते. मोकळी मेमरी तर २ जीबी दिसते. अडतं कुठे?

उत्तर : सलगतेपाशी. २ एमबी म्हणजे ४ केबीची ५१२ पेजेस (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे), तीही एकाला एक लागून हवीत; ५१२ हा २ चा नववा घात, म्हणून ‘ऑर्डर ९’. ‘/प्रॉक/बडीइन्फो’ बघा, त्यात प्रत्येक ऑर्डरचे किती सलग तुकडे मोकळे आहेत ते दिसतं. डावीकडून पहिला आकडा ऑर्डर ० चा, दहावा ऑर्डर ९ चा. सुरुवातीला हजारोंचे आकडे आणि दहाव्या-अकराव्या जागी शून्य असेल, तर मेमरीचे तुकडे झालेत. पुन्हापुन्हा मागणी करत बसण्यात अर्थ नाही.

आधी कार्डाची डेटाशीट काढा. त्याला स्कॅटर-गॅदर (विखुरलेल्या तुकड्यांची यादी घेऊन काम करणं) येत असेल तर सलग जागेचा हट्ट सोडा, हाच खरा उपाय. सुटी पेजेस घ्या, ‘डीएमए_मॅप_एसजी’ला द्या (डीएमए म्हणजे सीपीयूला मध्ये न घेता कार्डाने थेट मेमरी वापरणं) आणि ते परत देईल तेवढ्याच नोंदी कार्डात भरा, शेजारची पेजेस जोडली गेली तर ही संख्या कमी होते आणि मूळ संख्या वापरणारा ड्रायव्हर नेमका इथे चुकतो.

स्कॅटर-गॅदर नसेल तर ‘डीएमए_अलॉक_कोहेरंट’ वापरा. आयओएमएमयू (कार्डाला दिसणारे मेमरीचे पत्ते बदलून देणारं हार्डवेअर) चालू असेल तर विखुरलेली पेजेसही कार्डाला सलग दिसतात. तोही नसेल तर बूट ओळीत ‘सीएमए=६४एम’ द्या, म्हणजे सलग मागण्यांसाठी ६४ एमबी राखून ठेवली जाते; ती जागा एरवी हलवता येणाऱ्या पेजेससाठी वापरात राहते, वाया जात नाही. शिवाय बफर ‘प्रोब’मध्येच (ड्रायव्हर कार्डाला जोडला जाताना चालणारं फंक्शन) घ्या आणि ड्रायव्हर निघेपर्यंत सोडू नका.

डीएमए मास्कही (कार्ड किती बिटांपर्यंतचे पत्ते वापरू शकतं ते) तपासा. तो ३२ बिटांचा असेल आणि बफर ४ जीबीच्या वर पडला, तर आयओएमएमयूविना मॅपिंग बाउन्स बफरमधून (कार्डाच्या आवाक्यातली मधली जागा, जिथून डेटा कॉपी होतो) जातं. तिथे एका मॅपिंगला २५६ केबीची मर्यादा असते, म्हणून २ एमबी नाकारले जातात. मॅपिंगनंतर ‘डीएमए_मॅपिंग_एरर’ तपासायलाच हवं.

प्रश्न : एआरएम बोर्डावर डीएमएने आलेले काही बाइट अधूनमधून जुनेच दिसतात. बफर ड्रायव्हरच्या स्ट्रक्चरमध्येच आहे.

उत्तर : बफर आणि शेजारचं फील्ड एकाच कॅश लाइनवर (सीपीयूची कॅश ज्या गठ्ठ्याने मेमरी वाचते-लिहिते तो गठ्ठा) आहेत. सीपीयूने ते फील्ड लिहिलं की पुढे अख्खी लाइन मेमरीत उतरते आणि डिव्हाइसचा ताजा डेटा पुसला जातो. बफर स्वतंत्र ‘केमॅलॉक’ने (कर्नलमध्ये मेमरी घेण्याचं फंक्शन) घ्या आणि वाचण्याआधी ‘डीएमए_सिंक_सिंगल_फॉर_सीपीयू’ करा.