शेवटचा डोस मी दिला

"मॅडम, त्यांचा शेवटचा डोस मी दिला." ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य मी इतक्या परिचारिकांच्या तोंडून ऐकले आहे की आता दार उघडताना समोरचीचा चेहरा पाहूनच मला त्याचा अंदाज येतो. कर्करोगाच्या रुग्णाला वेदनाशमनासाठी मॉर्फिन, म्हणजे अफूपासूनचे तीव्र औषध, दिले, काही तासांनी रुग्ण गेला, आणि दिवसभर नातेवाइकांना धीर देणारी ही बाई घरी जाऊन स्वतःला मात्र गुन्हेगार ठरवून बसली, असा तो प्रकार असतो. त्यातल्याच एकीची हकिकत, तिच्या संमतीने आणि ओळखीचे तपशील बदलून, येथे सांगते.

त्या ऐरोलीहून, रात्रपाळी संपवून थेट येत. डब्याची पिशवी मांडीवरून खाली ठेवत नसत. सोळा वर्षांची नोकरी झालेल्या या बाईंना मी सत्रातही 'सिस्टर' असेच म्हणत असे. त्यांचा रुग्ण जबड्याच्या कर्करोगाचा, साठीतला, बोलणे बंद झालेला आणि नाकातल्या नळीवाटे औषध घेणारा होता. पहाटे दोनला त्यांनी मॉर्फिनची दहा मिलिग्रॅमची गोळी कुटून नळीतून दिली आणि पाच चाळीसला तो गेला.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीत घडलेली समुपदेशक आहे. अपराधभावाला आधी कुरवाळण्यापेक्षा त्याचा पुरावा मागावा, असे माझे मत आहे. म्हणून मी विचारले, "दोननंतर तुम्ही काय पाहिलंत?"

"पावणेतीनला श्वास मिनिटाला सोळा. हात लावला तर डोळे उघडले. चार वाजता चौदा."

"हीच मात्रा त्यांना किती दिवस चालू होती?"

"नऊ."

"तोंडाने किंवा नळीतून दिलेल्या साध्या गोळीचा जोर सर्वांत जास्त केव्हा असतो, सिस्टर?"

त्या थांबल्या. "तासाभरात," असे त्या म्हणाल्या, आणि मग बराच वेळ डब्याच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. मॉर्फिनचा तो भर तीनच्या सुमारास येऊन गेला होता, त्याच्या तोंडावर रुग्ण हाताच्या स्पर्शाने जागा होत होता, आणि त्यानंतर चार वाजताही श्वास चौदा होता. मृत्यू डोसच्या मागोमाग आला होता, डोसमुळे आला नव्हता.

हे परिचारिकांना शिकवले जात नाही असे नाही, पण भीतीच्या आवाजात ते ऐकू येत नाही. थोड्या मात्रेपासून सुरू करून वेदनेच्या प्रमाणात वाढवलेल्या मॉर्फिनने श्वास सहसा एकाएकी बंद पडत नाही. आधी गुंगी वाढते, हाक मारूनही डोळे उघडेनासे होतात, मग श्वासाची गती उतरते. म्हणूनच गुंगी आणि श्वास नोंदवत राहणे, आणि काही वावगे दिसताच डॉक्टरांना बोलावणे, हाच परिचारिकेचा खरा पहारा असतो. डोस टाळणे हा पहारा नव्हे. मूत्रपिंडे दुबळी झाली असतील तर मात्रा आणि वेळ डॉक्टर बदलून देतात, तेही विचारून घ्यावे. सवयीच्या भीतीबाबतही असाच घोळ असतो. काही आठवड्यांनी शरीर औषधाला सरावते आणि ते एकदम बंद केल्यास त्रास होतो, याला व्यसन म्हणत नाहीत. व्यसनी माणूस नुकसान होत असूनही औषधामागे धावतो; हा रुग्ण फक्त वेदना थांबण्याची वाट पाहत असतो. बद्धकोष्ठता मात्र सरावाने जात नाही, त्यामुळे मॉर्फिनबरोबर पहिल्या दिवसापासून रेचक हवे. हे सांगायला माझ्यासारखी समुपदेशक कशाला हवी, असे कोणी विचारील. पण माझ्या खोलीत येणाऱ्या निम्म्या अश्रूंचे मूळ याच घोळात सापडते.

या भीतीला इतिहासही आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर मॉर्फिन बाळगणे म्हणजे परवान्यांचे जंगल झाले आणि अनेक रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. २०१४ च्या दुरुस्तीने वाट सोपी केली, तरी दुहेरी कुलपाचे कपाट, नोंदवही आणि दोन सह्या यांतून औषधाभोवती गुन्ह्याचा वास राहिलाच. गंमत अशी, की जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगवेदनेसाठीची तीन पायऱ्यांची शिडी, म्हणजे वेदनेच्या प्रमाणात औषध चढवत नेण्याची पद्धत, आणि शेवटच्या टप्प्यातल्या कर्करुग्णांची सेवा करणारे वांद्र्याचे शांती अवेदना सदन, ही दोन्ही त्याच सुमारास, १९८६ मध्ये, अवतरली.

तर, सिस्टरांचा चेहरा सैल झालेला पाहून मला मनोमन फार बरे वाटले. तीन सत्रांत काम झाले, असे मी वहीत लिहूनही टाकले. ती माझी घाई होती.

चौथ्या वेळी त्या आल्या त्या झोप उडूनच. "पटलंय सगळं, मॅडम. तरी छातीवरचं ओझं हलत नाही." मी त्यांना कोरा कागद दिला आणि त्या रुग्णाबरोबरच्या सगळ्या रात्रींचे डोस, वेळेसह, आठवतील तसे लिहायला सांगितले. परिचारिकांची स्मरणशक्ती या बाबतीत थक्क करणारी असते. त्यांनी पट्टी नसतानाही सरळ रकाने आखले. डोस दर चार तासांनी लिहून दिलेला होता: सहा, दहा, दोन, सहा. एका रात्रीच्या रकान्यात दहानंतरचा डोस थेट सहाला होता. दोनपुढे लिहिले होते, "रुग्ण झोपलेला. डोस दिला नाही."

त्या ओळीवर त्यांचे पेन थांबले. मी काही बोलले नाही. मला बोलण्याची खोड आहे, पण त्या दिवशी बोलले नाही.

"झोपले नव्हते ते," त्या अखेर म्हणाल्या. "डोळे मिटलेले होते. पण चादर मुठीत गच्च धरलेली होती. मी पाहिली ती मूठ. दुसऱ्या सहीसाठी खालच्या वॉर्डातून सिस्टरना बोलवावं लागतं, आणि मनात होतं, जितका उशिरा देऊ तितकी सवय कमी. मी झोपलेला लिहिलं."

शेवटच्या डोसचा आरोप त्या स्वतःवर का लादत होत्या, ते मला तेव्हा उमगले. दिलेल्या डोसचा खोटा अपराध त्यांनी पुढे उभा केला होता, कारण त्याच्या मागे न दिलेल्या डोसचा खरा अपराध होता. खोटा अपराध तर्काने विरतो. खऱ्याशी तर्काने वाद घालू नये, हे मी त्यांच्याकडून शिकले. तो मान्य करून त्याला काम द्यावे लागते.

पुढच्या सत्रांत आम्ही त्या कामाविषयीच बोललो. मार्गो मॅककॅफरी या अमेरिकी परिचारिकेने १९६८ मध्ये म्हटले होते, की वेदना म्हणजे रुग्ण जी सांगतो ती, आणि तो सांगतो तेव्हा ती असते. जो बोलू शकतो त्याला शून्य ते दहामधला आकडा विचारावा. जो बोलू शकत नाही त्याची भुवई, जबडा आणि मूठ पाहावी, आणि जे दिसले ते तसेच लिहावे. सिस्टरांनी हे त्यांच्या वॉर्डाच्या हँडओव्हरमध्ये, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती सोपवताना, सुरू केले. रात्री दुसऱ्या सहीला कोण येणार, हे संध्याकाळीच ठरवून घ्यायला लागल्या. मेट्रनबाईंना हे पटवायला त्यांना दोन महिने लागले, ते वेगळे.

शेवटच्या भेटीत त्यांनी तो कागद मागून घेतला. चुकीची नोंद खोडताना परिचारिका ती गिचमिडत नाहीत; खालचे वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारून शेजारी सही करतात. त्यांनी 'झोपलेला' या शब्दावर तशी रेघ मारली, वर 'जागा' असे लिहिले, आणि सही करून खाली तारीख व वेळ घातली.