ठाण्यात रविवारी आजी-आजोबा आणि 9 वर्षांच्या मुलीला घेऊन रोमँटिक कॉमेडी-ड्रामाला जायचंय, 'यूए 13+' आहे. चालेल का?

आंधळेपणाने तिकिटं काढू नका. आधी कोणी पाहून आलं असेल तर त्याला विचारा, मगच ठरवा. 2024 च्या नियमांनुसार 'यूए'चे 7+, 13+ आणि 16+ असे तीन गट झाले. यातला आकडा पालकांसाठी सूचना आहे, त्यामुळे 9 वर्षांच्या मुलीला तुमच्यासोबत गेटवर कोणी अडवणार नाही. 'ए' असेल तर मात्र 18 च्या आतल्यांना आई-वडिलांबरोबरही प्रवेश नाही. ठाणे असो की वाशी, नियम तोच.

ट्रेलरवर जाऊ नका. यूट्यूबवरच्या ट्रेलरला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागत नाही, आणि त्यात बहुतेक मध्यंतराआधीची धमाल असते. अवघडल्यासारखं होतं ते पुढे, 'ड्रामा' सुरू झाल्यावर: लिव्ह-इन, नको असलेलं गरोदरपण, दारू पिऊन भांडणं. म्हणून पाहून आलेल्याला 'कसा आहे?' विचारून उपयोग नाही, 'छान आहे' एवढंच कळतं. नेमकं विचारा:

- चुंबन ओझरतं आहे की बेडरूमचा प्रसंग लांबतो?
- शिव्या आहेत की म्यूट केल्यात? (ओठांवरून कळतातच म्हणा.)
- द्व्यर्थी विनोद किती? मुलीला ते कळणार नाहीत, पण आजोबांना कळतील, आणि खरी पंचाईत तिथेच.

ओटीटीवर येईपर्यंत थांबणार असाल, तर तिथलं वयाचं रेटिंग प्लॅटफॉर्म स्वतः देतो आणि थिएटरात कापलेले प्रसंग त्या आवृत्तीत असू शकतात.