पाश्चात्त्य शास्त्रीय मैफलीत बास-बॅरिटोन (खोल पुरुषी आवाजाचा) सोलोइस्ट, म्हणजे एकट्याने गाणारा, कार्यक्रमभर बसून असतो आणि चार-पाच मिनिटं गातो. मग त्याला एवढा मान का?

तुम्ही बहुधा बेथोव्हेनची नववी सिंफनी पाहिलीत. तिथे तसंच होतं. पहिले तीन भाग निव्वळ वाद्यांचे. चौथ्यात ऑर्केस्ट्रा आक्रोश करतो आणि हा माणूस उभा राहून गातो, 'मित्रांनो, हे सूर नकोत!' पुढची कविता जर्मन कवी शिलरची, पण हे शब्द बेथोव्हेनने स्वतः घातलेत (पहिला प्रयोग व्हिएन्ना, 1824). इतका वेळ गप्प बसलेल्या गळ्यातून, कसलीही आलापी न करता, पहिलाच सूर भरीव लावायचा.

मी एका हौशी कॉयरमध्ये (गायकवृंदात) बासच्या, म्हणजे सर्वात खालच्या पुरुषी आवाजांच्या, रांगेत गातो. आम्हाला सोलोइस्टची फक्त पाठ दिसते. त्याने उठून घेतलेला पहिला श्वास त्या पाठीत स्पष्ट कळतो, आणि दर वेळी माझ्याच पोटात गोळा येतो.

आपला ख्यालगायक गळ्याला सोयीची पट्टी धरतो. इथे पट्टी कागदावर ठरलेली. खाली खर्जाचं वजन हवं, वर बॅरिटोनची चमक, शिवाय माइक नाही. ही दोन्ही टोकं सांभाळणारा गळा म्हणजे बास-बॅरिटोन.

सगळीकडे पाचच मिनिटं नसतात, हेही सांगतो. मेंडेल्सनच्या 'एलायजा' या बायबलवरच्या गायनरचनेत (1846) संदेष्टा एलायजा जवळजवळ रचनाभर गातो: चिडतो, प्रार्थना करतो, आणि थकून 'आता पुरे' म्हणतो तेव्हा सोबतीला चेलो असतो. हँडेलच्या 'मेसाया'त बासच्या तोंडून देव म्हणतो, मी आकाश आणि पृथ्वी हलवीन. त्या 'हलवीन'वर इतकी लांब तान आहे की आवाजच हलायला लागतो. ती जरूर ऐका.

पण माझा जीव बाखच्या 'सेंट मॅथ्यू पॅशन'मध्ये (येशूच्या यातना आणि मृत्यूची गायलेली कथा) अडकलाय. येशूचे शब्द बास गातो, आणि तो बोलला की व्हायोलिन-व्हायोला त्याच्याभोवती लांब सूर धरतात, चित्रातल्या प्रभावळीसारखे. क्रुसावर तो विचारतो, 'देवा, मला का सोडलंस?' तिथे ती प्रभावळ नाहीशी होते. खाली उरतात फक्त ऑर्गन आणि मंद्रातली साथ. लगेच पुढे कोरसला उठायचं असतं, पण तेवढ्या चार ओळींत आमच्या रांगेत कोणी पानसुद्धा उलटत नाही.