ऑनलाइन डिग्रीच्या कंपनीत स्टुडंट ॲडव्हायजरची नोकरी कशी असते?

भावा, दीड वर्ष केलंय, कोल्हापुरात राजारामपुरीत घरातच बसून. नाव ॲडव्हायजर पण निम्मं काम सेल्सचंच, दिवसभर हेडसेट लावून फोन, डोक्यावर ॲडमिशनचं टार्गेट आणि रविवारची सुट्टी विसरायची कारण नोकरीवाली माणसं त्याच दिवशी निवांत बोलतात. गडहिंग्लजच्या एका काकांनी विचारलं, "पोरीला ऑनलाइन बीई करता येईल काय ओ?" यूजीसीच्या, म्हणजे युनिव्हर्सिट्यांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राच्या आयोगाच्या, नियमात इंजिनिअरिंग, मेडिकल ऑनलाइन चालतच नाही, तसं सरळ सांगितलं तर टीम लीडर म्हणतोय बीसीएवर, कॉम्प्युटरच्या डिग्रीवर, वळवायचं होतंस की! जॉईन व्हायच्या आधी कंपनी ज्या युनिव्हर्सिटीची डिग्री विकते ती यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या साइटवर त्याच कोर्ससाठी आहे का बघ, आणि पगारात फिक्स किती, इन्सेंटिव्ह किती ते लेखी घे.